एलीयाचा डावा गुडघा

आमच्या भिंगारच्या चर्चच्या मंडळीत गेली चार वर्षं दर रविवारी एका गुडघ्यासाठी प्रार्थना होते. गुडघा डावा आहे. ज्याचा आहे तो माणूस भिंगारला कधी आलेला नाही, येणार नाही, आणि भिंगार नावाचं गाव आहे हे त्याच्या कानावर जाण्याचं काही कारणही नाही. तो अमेरिकेत राहतो, पावणेसात फूट उंच आहे आणि बास्केटबॉल खेळतो. म्हणजे त्यानं खेळावं अशी अपेक्षा आहे. बहुतेक वेळ तो कोट घालून बाकावर बसलेला असतो.

मी मंडळीचा सेक्रेटरी. तीस वर्षं मिलिटरीच्या हपिसात कारकुनी केलेल्या माणसाला दुसरं काही जमत नाही, म्हणून लोकांनी हे माझ्या गळ्यात घातलं. शनिवारी संध्याकाळी आजाऱ्यांची यादी करायची आणि रविवारी उपासनेच्या आधी पाळकसाहेबांच्या हातात द्यायची. यादी वर्षानुवर्षं तीच असते. कुणाची शुगर, कुणाचा मोतीबिंदू, कुणाचा दमा. एखादं नाव कमी झालं की ते बरं होऊन कमी झालेलं नसतं. अशी यादी दर आठवड्याला आपल्या हातानं लिहिणाऱ्या माणसाचा स्वभाव फार उल्हासी राहत नाही.

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी शांतवन सर आले आणि त्यांनी एक चिठ्ठी दिली. 'एलीया. डावा गुडघा. शस्त्रक्रिया.' एवढंच. आता एलीया हे नाव आमच्यात काही परकं नाही. बायबलमधला मोठा संदेष्टा. पुणतांब्याला माझा एक साडू एलीया आहे, भिंगारमध्येच दोन आहेत. सरांचा कुणी भाचा-पुतण्या असेल म्हणून मी नाव लिहिलं, आणि मंडळी सहा महिने मनोभावे प्रार्थना करत राहिली. शेवटी रिबेका मावशींनी सरांना अडवून विचारलं, "शांतवन, पोरगं कोनत्या दवाखान्यात हाय? जाऊन तरी येऊ." सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. मावशींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "लई उंच हाय. म्हनूनच गुडघ्यावर भार येतो."

पुढच्या रविवारी त्यांनी लसूण घालून उकळलेल्या तिळाच्या तेलाची बाटली सरांच्या हवाली केली. एलीयाला चोळायला. तेव्हापासून महिन्याला एक बाटली येते. सर ती निमूट घेतात आणि आपल्या गुडघ्यांना चोळतात. मावशींनी विचारलं की म्हणतात, "फरक हाय."

शांतवन सर माझे शेजारी. आमची मधली भिंत एकच. नगरच्या एका शाळेत (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण नाही) त्यांनी पस्तीस वर्षं पी.टी. शिकवली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अंगावरचा ट्रॅकसूट उतरलेला नाही. रविवारी तेवढा पांढरा सदरा घालतात, पण आत गळ्यात शिट्टी असते. प्रार्थनेला वाकले की ती पुढच्या बाकावर टक् करून आपटते.

माणसाचा चेहरा ते सगळ्यात शेवटी बघतात. आधी पाय. "उडी कुनीबी मारतं हो. उतरला कसा ते बघा," हे त्यांचं पालुपद. एस.टी.तून उतरणारी म्हातारी, स्टेजवरून उतरणारी नवरी, पुलपिटावरून उतरणारे पाळकसाहेब, सगळ्यांची परीक्षा होते. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जावयाला पहिल्यांदा पाहिलं आणि भर पाहुण्यांत म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पन टाचेवर उतरतो. पस्तिशीत कंबर धरंल." जावयानं चौतिसाव्या वर्षीच धरली. तेव्हापासून माझी बायको सरांच्या दारासमोरून चालत जात नाही, मागच्या गल्लीनं जाते.

अमेरिकेत रात्रीचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचा चहा व्हायचा असतो. एलीया खेळत असला की भिंतीपलीकडून आरोळ्या येतात. "उतर! नीट उतर रे बाबा! दोन्ही पायांवर!" आमचा दूधवाला ते ऐकून मोटारसायकलवरून जपून पाय टेकतो. एलीया खेळत नसला तरी सर सामना बघतात. कॅमेरा मधूनच बाकावर जातो, तेव्हा तो बसलाय कसा, पाय लांब सोडलाय का दुमडलाय, हे बघायला.

हा एलीया एवढा कोण, हे सरांनी मला एकदा समजावून सांगितलं. "तिकडं संघ नवीन पोरं वाटून घेतात. आपन शाळेत गडी निवडायचो तसंच. फकस्त येक गोष्ट भारी हाय. आदल्या साली जे संघ लई हरले, त्यांना आधी निवडायची संधी. आपल्याकडं हरलेल्याला कोन आधी बोलावतं? तर त्या साली सगळ्या देशात पयला गडी निवडला, तो हा एलीया."

आणि पहिला गडी पहिला सामना खेळायच्या आधीच पायाच्या हाडाला चीर पडून घरी बसला. दुसऱ्या वर्षी तीन महिने खेळला. त्या तीन महिन्यांबद्दल सर बोलायला लागले की त्यांचा आवाज देवळातल्यासारखा हळू होतो. मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया, वर्षभर विश्रांती. परत आला, परत तोच गुडघा. मग पोटरी. आता बरा असला तरी त्याला मोजून वीस मिनिटं खेळवतात आणि लागोपाठ दोन दिवस सामने असले तर एकाच दिवशी उतरवतात.

या विषयावर उपासनेनंतर कंपाउंडातल्या कडुलिंबाखाली वाद होतो. सरांच्या विरुद्ध बाजूला सुभेदार. हे पलटणीत असताना बास्केटबॉल खेळलेले, त्यामुळे भिंगारमध्ये या खेळावर बोलायचा अधिकार असलेली ही दोनच माणसं. बाकीचे आम्ही चहा पिता पिता मान हलवतो.

"फुटका घडा हाय तो, सर. किती पानी भराल?" सुभेदार म्हणतात. "गडी चांगला कोन? जो मैदानात उभा ऱ्हातो तो. त्याच साली दुसऱ्या नंबरला निवडलेला बघा. एक सामना चुकवत न्हाई."

"दुसऱ्याच्या हातात तेवढं न्हाई."

"हात घेऊन काय करता? पाय पायजे."

"पंचविशीतलं पोरगं हाय हो. पाय भरायला टाइम लागतो."

"निवडनाऱ्यानं चूक केली, हे कबूल करा."

"निवडनाऱ्याची चूक आसंल," सर म्हणतात. "निवडलेल्याचा काय गुन्हा?"

इथे वाद दर वेळी थांबतो, कारण सुभेदार चहाचा कप तोंडाला लावतात आणि आम्ही सगळे पायाखालच्या निंबोळ्यांकडे बघतो. का ते सांगतो. सगळ्या भिंगारला माहीत आहे, तुम्हालाही असायला हवं.

सरांना एकच मुलगी, एस्तेर. बाई लवकर गेल्या, पोरीला सरांनीच वाढवलं, आणि बास्केटबॉलच्या कोर्टवरच वाढवलं म्हणायला हरकत नाही. पहाटे पाचला दोघं घराबाहेर पडायची. सतराव्या वर्षी राज्याच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं, यादीत पहिलं. शिबिराच्या आधी नगरला एक साधा सामना होता. त्यात ती पडली. डावा गुडघा. सरांनी तिला बाजूला बसवलं, पट्टी गुंडाळली आणि पाच मिनिटं उरली असताना पुन्हा आत पाठवलं. ती पुन्हा पडली, आणि या वेळी तिला उचलून आणावं लागलं. पुण्याला ऑपरेशन झालं. एस्तेर पुन्हा कधी कोर्टवर गेली नाही. पुढे डी.एड. करून ती जामखेडला शाळेत लागली, तिथेच राहते. फक्त नाताळला येते. दोन दिवस. पाय ओढत येते आणि पाय ओढत जाते.

बापानं पोरीचा पाय घालवला, असं भिंगारनं बारा वर्षांपूर्वी ठरवून टाकलं. मीही त्यात होतो. तोंडावर कुणी बोललं नाही, पण कोर्टवर पोरी पाठवायचं लोकांनी बंद केलं. आणि सरांनी एस्तेरचं नाव एकदाही माझ्या यादीत दिलं नाही. अमेरिकेतल्या गुडघ्यासाठी चार वर्षं चिठ्ठ्या आणणारा माणूस, पण स्वतःच्या लेकीच्या गुडघ्यासाठी एक ओळ नाही. लाज वाटत असेल, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

यंदा दिवाळीच्या सुमारास एलीया पुन्हा पडला. तोच गुडघा. त्याचा संघ आता त्याला दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधायच्या विचारात आहे, अशी बातमी आली. त्याच सुमारास आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले, तरुण, नियमाचे. त्यांनी यादी पाहिली आणि मला विचारलं, हे एलीया आपले सभासद आहेत का? मी खरं ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा बोलावली आणि विषयपत्रिकेवर, कंपाउंडाच्या भिंतीची डागडुजी आणि नाताळचा मंडप यांच्यामध्ये, माझ्याच हातानं मला लिहावं लागलं: 'एलीया यांचे नाव यादीत ठेवणे वा वगळणे.'

सुभेदार तयारीनिशी आले होते. "साहेब, आजारी मानसाची प्रार्थना करावी, बरुबर. पन हा आजारी न्हाई, हा संपलाय. चार वर्षं आपन मागतोय. देवानं उत्तर दिलंय, ते न्हाई म्हनून दिलंय. ऐकायला पायजे."

सर उठले. त्यांनी एलीयाचे ते तीन महिने सांगितले, एकेक सामना. शस्त्रक्रिया कुठली झाली, तसल्याच शस्त्रक्रियेनंतर किती जण परत उभे राहिले, हा का राहील. भिंतीच्या डागडुजीसाठी आलेले पंच तोंड उघडं टाकून ऐकत होते. "त्याला अजून खेळायचंय," सर म्हणाले. "दर येळी पडतो आन दर येळी उठून सरावाला जातो. ज्याला खेळायचंय त्याला संपला कसं म्हनायचं?"

पाळकसाहेब म्हणाले, "पण सर, त्याची कारकीर्द हा मंडळीचा विषय होऊ शकत नाही."

तेव्हा रिबेका मावशी बोलल्या. त्या पंचांत सगळ्यात वयस्कर, आणि सभेत सहसा झोपलेल्या असतात. "कारकीर्द ऱ्हाऊ द्या बाजूला. पोराचा गुडघा दुखतोय का न्हाई?"

"दुखतोय," सर म्हणाले.

"मग झालं की. परमेश्वर काय संघ निवडायला बसलाय का?"

हशा पिकला. पाळकसाहेबही हसले आणि नाव ठेवायचं ठरलं. हरलेल्या सुभेदारांच्या तोंडून मग ते निघालंच. "ठेवा, ठेवा. स्वतःच्या लेकीचा पाय घालवला, आन अमेरिकेच्या पायाला तेल चोळतायत."

सरांनी सुभेदारांकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची नीट जागेवर लावली, "येतो" म्हणाले आणि निघून गेले. सभेचं इतिवृत्त मी लिहितो. त्यात मी यातलं काही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या धूत होते. मी म्हणालो, "सर, एक सुचवू का? एलीयाचं राहू द्या. पण त्याच्या खाली एस्तेरचं नाव लिहितो. लोकांनाही बरं वाटेल. देवाकडे मागायला लाज कसली?"

"नको."

"अहो, बारा वर्षं झाली. कधीतरी..."

"नको म्हनलं ना, सेक्रेटरी." त्यांनी नाड्या पिळल्या. मग म्हणाले, "तिचा गुडघा चांगला हाय. चांगल्या गुडघ्यासाठी देवापुढं चिठ्ठी कशी देऊ?"

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं ते असं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, पोरगी वर्षात पळेल. "वर्षात पळाली बी. फकस्त माझ्यासमोर न्हाई." एप्रिलचा महिना होता, गच्चीवर सांडगे वाळत घातलेले. अचानक वळवाचा पाऊस आला. घरात कुणी नाही असं समजून एस्तेर धावत वर गेली, दोन्ही हातांत ताटं घेऊन खाली आली आणि शेवटच्या तीन पायऱ्या तिनं एका उडीत घेतल्या. सर दाराआड होते.

"अशी उतरली, सेक्रेटरी. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता. मी पस्तीस वर्षांत कुनाला तसं उतरताना बघितलं न्हाई. आन दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आली ती पाय वढत."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तिला खेळायचंच नव्हतं. कधीच नसंल. पाच वाजता उठवायचो तेव्हा बी नसंल. मला इचारायचं सुचलं न्हाई आन तिला सांगायचं धाडस झालं न्हाई. पाय मोडला तेव्हा सुटली." त्यांनी नाड्या दोरीवर टाकल्या. "आता म्हनलं, तुझं सोंग मला ठाऊक हाय, तर तिला वाटंल बापानं पकडली. नाताळला दोन दिस येते, ती बी यायची न्हाई. लंगडत का हुईना, येऊ दे."

"आणि लोक तुम्हाला बोलतात ते?"

"बोलू देत. पट्टी बांधून आत मीच पाठवली हुती. ते खोटं न्हाई."

मी घरी आलो. बारा वर्षं या माणसाबरोबर एका भिंतीला भिंत लावून राहिलो आणि त्याच्याबद्दल मनात जे धरून बसलो होतो, त्याची मला त्या दिवशी फार लाज वाटली. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिला सांगता येईना. हे कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं.

नाताळला एस्तेर आली. उपासना संपून सगळे कंपाउंडात जमले होते. चहा, केक, करंज्यांची ताटं. सर कडुलिंबाखाली उभे, शेजारी सुभेदार. मागच्या सभेनंतर दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. एस्तेर चर्चच्या पायऱ्या उतरून आमच्याकडे यायला लागली. हातात करंज्यांची बशी, चेहऱ्यावर हसू, आणि पाय ओढत.

उजवा पाय.

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ते माझ्या आधी पाहिलं होतं. पण सुभेदारांनीही पाहिलं होतं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्यांनी हातातला कप खाली केला, बोट वर केलं आणि म्हणाले, "अगं एस्तेर, तुझा तर..."

"सुभेदार!" मी ओरडलोच. आसपासची चार माणसं वळली. मला दुसरं काही सुचेना. "ते एलीयाचं काय म्हणत होता तुम्ही? संपला म्हणालात ना?"

"आं?" सुभेदार माझ्याकडे बघायला लागले. मी आजवर या वादात एक शब्द बोललेलो नव्हतो.

"माझंही तेच मत आहे," मी म्हणालो. "संपलाच तो. निवडायलाच नको होता."

"तेच तर मी चार वर्षं सांगतोय!" सुभेदारांना एवढ्या वर्षांत पहिला साथीदार मिळाला होता. ते बोट माझ्याकडे वळलं आणि एस्तेर त्यांच्या डोक्यातून निघून गेली. "हे बघा, दुसऱ्या नंबरचा जो गडी..."

"काय संपला?" सर इतक्या जोरात म्हणाले की ताटं धरून फिरणारी मंडळी थबकली. "काय कळतं हो सेक्रेटरी तुमाला? यादी करा तुमी!" आणि मला झाडता झाडता, मागे न बघता, त्यांनी एका हातानं खुर्ची ओढून पुढे केली. एस्तेर बसली. सर माझ्यावर तुटून पडले होते, पण त्यांचे डोळे भरलेले होते आणि आवाज मधूनच फाटत होता. सुभेदारांना वाटलं, हे सगळं एलीयासाठीच.

"पप्पा," वाद जरा ओसरल्यावर एस्तेरनं विचारलं, "हा एलीया कोण?"

"हाय एक पोरगा. लांब असतो," सर म्हणाले. "त्याला लई खेळायचंय."

एस्तेरनं करंजीचा तुकडा तोडून बशीतच ठेवला. मग खाली वाकून हळूहळू गुडघा चोळायला लागली. या वेळी बरोबर, डावा.

"दुखतंय का?" सरांनी विचारलं.

"थोडंसं."

"मग बस निवांत. चहा मी आनतो."